थंड पाण्याची सवय



इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली इंग्लिश खाडी जिथे सर्वांत अरुंद आहे, तिथेही ती सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. १९५९ साली कोलकात्याच्या आरती साहा ती पोहून गेल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला. महिनाभर आधीचा त्यांचा पहिला प्रयत्न मात्र अपुरा राहिला होता.

या खाडीची खरी परीक्षा अंतराची नसून थंडीची असते. अंगात साधा पोहण्याचा पोशाख, ऊब देणारा रबरी सूट चालत नाही. म्हणून १६ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड पाण्यात सलग ६ तास पोहून दाखवल्याशिवाय आज कोणाला एकट्याने खाडी पोहू देत नाहीत. थंड पाण्यात उतरताच पहिली एक-दोन मिनिटे श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते. पट्टीचा पोहणाराही गांगरतो. यावर उपाय एकच : आधीपासून, देखरेखीखाली, थोडा थोडा वेळ थंड पाण्यात उतरणे. काही मिनिटांच्या पाच-सहा खेपांनंतर तो धक्का बराच ओसरतो. पाणी तेवढेच थंड असते, माणूस बदललेला असतो.

सद्गुण सरावाने अंगी बाणतात, असे ॲरिस्टॉटलने शिकवले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ते पुढे नेले. पण आपण म्हणतो, "वेळ आली की करू प्रार्थना." वेळ येते ती डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन, सुटलेली नोकरी घेऊन, घरातला मृत्यू घेऊन. तेव्हा आपलाही श्वास अडकतो, ओठांवर शब्द येत नाहीत. आईने आयुष्यभर केलेली रोझरी आपल्याला आधार देते, पण तिची सवय आपल्याला उसनी मिळत नाही.

पोहणाऱ्याबरोबर नाव असते, तिच्यातून त्याला खाणेपिणे मिळते. पण त्याने नावेचा आधार घेतला की पोहणे बाद! आपला प्रभू असा नियम लावत नाही. पेत्र बुडू लागला तेव्हा येशूने लगेच हात दिला. मात्र त्या घटकेला पेत्राला हाक कोणाला मारायची हे शोधावे लागले नाही. ज्याच्याबरोबर तो रोज चालत होता, त्यालाच त्याने हाक मारली.

या आठवड्यात रोज रात्री दहा मिनिटे टीव्ही बंद ठेवून घरातले सर्वजण एकत्र प्रार्थनेला बसू या. पाणी शांत आहे तोवरच ही सवय लावून घेऊ या.