पिठाचा कोंबडा आणि संगणकातली माणसं

खोट्या माणसाला मारलं तर खरं पाप लागतं का? आमच्या स्वाध्याय मंडळात हा प्रश्न निघाला तो एका खेळावरून. 'द सिम्स' नावाचा हा संगणकावरचा खेळ. त्यात माणसं असतात, घर असतं, नोकरी, लग्न, मुलंबाळं सगळं असतं, आणि खेळणाऱ्यानं त्यांचा संसार चालवायचा असतो. कुणाची तरी नात त्यात माणसांना बिनदाराच्या खोलीत कोंडून उपाशी मारते असं कळलं आणि तासभर ग्रंथ बाजूलाच राहिला. एक म्हणाली, ही सरळ हिंसा. दुसरी म्हणाली, अगं, चित्रातला वाघ चित्रातल्या हरणाला खातो, त्याचं पाप चित्रकाराला लागतं होय?

माझी पुतणी हा खेळ खेळते. मी दुपारची तिच्याजवळ भाजी निवडत बसते, त्यामुळे त्यातलं बरंच काही मला आता कळतं. तेवढ्या बळावर सांगते, की आमच्या मंडळातली चर्चा एक पायरी अलीकडेच थांबली. खेळात आधीपासून जे असतं ते एक, आणि खेळणारा बाहेरून आणून त्यात बसवतो ते निराळं. पाप-पुण्य बघायचं तर या दुसऱ्या ठिकाणी बघायला हवं.

आधी खेळाबद्दल थोडं. विल राइट नावाच्या अमेरिकन माणसाचं घर १९९१ साली ओकलंडच्या मोठ्या आगीत जळून गेलं. घर पुन्हा उभं करताना, वस्तू एकेक करून परत जमवताना माणसाला नक्की काय काय लागतं, या विचारातून त्याला हा खेळ सुचला आणि २००० साली तो बाजारात आला. आपल्याकडे एखाद्याचं घर असं जळलं असतं तर त्याला वैराग्य आलं असतं, असं माझ्या मनात आलं. मग वाटलं, कशाला उगीच बोला, आपणही घर जळल्यावर पहिल्यांदा भांडीच घेतली असती.

त्या पहिल्या खेळात पोहण्याच्या तलावाची शिडी काढून टाकली की आतल्या माणसाला बाहेर येता येत नसे. ते दमून बुडून मरायचं. जगभरच्या मुलांनी हा उद्योग केलेला आहे. पुढच्या खेळांत माणसं काठावर हात टेकून वर चढायला लागली. तर मुलांनी तलावाभोवती कुंपण घातलं! पण कुठल्याही पोरानं मुंगळ्याच्या वाटेत काडी आडवी धरलेली असते. तसलं कुतूहल मी फार मोजत नाही.

आता बाहेरून आणायच्या वस्तू. त्या दोन जातीच्या. पहिलीला कस्टम कंटेंट म्हणतात. कपडे, केस, दागिने, भांडी, खुर्च्या, म्हणजे दिसण्यातला फरक. दुसरीला मॉड म्हणतात, त्यानं वागणं बदलतं. माणसं काय करतील, काय करणार नाहीत, कशानं मरतील, कशानं रागावतील, हे मॉड ठरवतो. दोन्ही गोष्टी जगभरचे हौशी लोक बनवतात आणि बाकीचे उतरवून घेतात. बसवायची रीत सोपी आहे. आलेली झिपची पुडी सोडायची, आतली पॅकेज फाइल 'मॉड्स' नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची. वागणं बदलणाऱ्या काही मॉडांबरोबर स्क्रिप्टची फाइल येते, ती फोल्डरात फार खोल ठेवली तर खेळाला सापडत नाही. मग खेळ उघडून ऑप्शन्समध्ये जायचं आणि दोन चौकोनांत बरोबरची खूण करायची. एक कस्टम कंटेंट आणि मॉड चालू द्या म्हणून, दुसरी स्क्रिप्टला परवानगी आहे म्हणून. खेळ बंद करून पुन्हा चालू केला की झालं. आणि एक गंमत आहे. कंपनीनं खेळात सुधारणा पाठवली की या खुणा आपोआप पुसल्या जातात. खेळणाऱ्यानं पुन्हा जाऊन स्वतःच्या हातानं त्या करायच्या.

ही खूणच मला फार महत्त्वाची वाटते. शिडी काढणारं पोर समोर आलं ते उचलून बघतं. मॉडचं तसं नाही. तो शोधावा लागतो, निवडावा लागतो, उतरवावा लागतो, जागेवर ठेवावा लागतो, आणि शेवटी खेळ विचारतो, 'चालू करू का?' तेव्हा हो म्हणावं लागतं. यात नकळत असं काही राहत नाही. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेतच शिकलो. चूल-पाण्यात होते ती आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःला वाचवताना होते ती विरोधी, आणि ठरवून केलेली ती संकल्पी. पहिल्या तिन्हींत गृहस्थाला थोडी मोकळीक आहे, संकल्पीत नाही. खेळात तर चूल नाही, धंदा नाही, शत्रूही नाही. मग उरलं काय?

"काकू, पण मरतंय कोण? नुसते दिवे लागतात आणि विझतात," पुतणी म्हणाली. मी तिला यशोधराची गोष्ट सांगितली.

वाचकांपैकी पुष्कळांना ती माहीत असेल. सोमदेवसूरींनी 'यशस्तिलक' ९५९ साली पुरं केलं. त्यानंतर आमच्या या कानडी मुलखात जन्न कवीनं १२०९ साली 'यशोधरचरिते' लिहिलं. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ सालची, म्हणजे हे काव्य आणि ती बस्ती जवळजवळ पाठची भावंडं. उज्जैनच्या यशोधर राजाला त्याची आई चंद्रमती म्हणते, अरिष्ट टळायला देवीला बळी दे. तो जीव मारायला तयार होत नाही. आई मग तोड काढते, पिठाचा कोंबडा कर आणि तो दे. आईचा शब्द मोडवेना म्हणून तो पिठाच्या कोंबड्यावर शस्त्र चालवतो. पुढं राणी मायलेकांना विष घालते, आणि दोघं मोर, कुत्रा असे एकामागून एक जनावरांचे जन्म घेत, मारले जात फिरतात. का? एका पिठाच्या गोळ्यापायी.

"पिठाला कुठं जीव असतो?" ती म्हणाली.

तेच तर! आपले आचार्य पिठाकडे बघतच नाहीत, ते हाताकडे बघतात, आणि हातामागच्या मनाकडे. उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्राण जाण्याच्या आधी प्रमाद घातलाय, म्हणजे बेफिकीर, कषायानं भरलेलं मन. दिवा पिठाहून हलका असेल, पण तराजूत घातलं जातं ते मन. तरीही पुतणीचा एक मुद्दा मी मानते. यशोधरानं वार केला तो बळी म्हणून, देवीला कोंबडा पोचावा म्हणून. खेळणाऱ्याला कुणाला काही पोचवायचं नसतं. म्हणून हिंसा हा मोठा शब्द मी लगेच वापरणार नाही. श्रावकाच्या व्रतांत याला अगदी मापाचा शब्द आहे, अनर्थदंड. कारण नसताना केलेलं पाप. समंतभद्रांनी त्याचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला अपध्यान म्हणजे कुणाचं वाईट व्हावं, मरावं, असं मनात घोळवत बसणं. हिंसादान म्हणजे दुसऱ्याच्या हातात मारायचं साधन देणं. आता बघा, या खेळासाठी असेही मॉड निघालेत की माणसानं माणसाला सुऱ्यानं भोसकावं, रक्त दिसावं. जो तो बनवून लोकांना वाटतो त्याचं हिंसादान, जो उतरवून खूण करतो आणि संध्याकाळ त्यात घालवतो त्याचं अपध्यान. यासाठी नवा नियम करायला नको. ज्यांनी संगणक स्वप्नातही पाहिला नाही त्यांनी जागा आखून ठेवली आहे.

मंडळात एकीनं विचारलं होतं, मग खेळच बंद करावा का? मी म्हणेन, नाही. मॉड्सचा फोल्डर उघडून बघावा. त्यात काय आहे यावरून पोराचं मन कळतं, पत्रिकेपेक्षा जास्त. त्यात चांगलंही असतं. सावळ्या माणसांना या खेळात पुष्कळ वर्षं धड रंग नव्हता. हौशी लोकांनी तो आपणच बनवून वाटला, ओरड केली, आणि शेवटी २०२० च्या डिसेंबरात कंपनीनं शंभरावर नवे वर्ण घातले. आपण कुठंच दिसत नाही म्हणून स्वतःला आत आणणाऱ्याला मी कशाला नावं ठेवू? परिग्रहाचं मात्र सांगायलाच हवं. मुलींच्या फोल्डरात हजार-हजार झगे आणि केस असतात, खेळ उघडायला दहा मिनिटं लागतात, आणि बाहुली घालते एकच. यावर जास्त बोलत नाही, माझं साडीचं कपाट याच घरात आहे.

(एका मैत्रिणीला मॉड म्हणजे काय ते समजावलं तर ती म्हणाली, सुनेत बसवायचा मिळतो का गे? तिची सून शेजारीच बसली होती. ती म्हणाली, आत्या, तुमच्यासाठी मी कधीची शोधतेय.)

पण मला खरं अडवलं ते मारण्याच्या मॉडनं नाही. पुतणीच्या फोल्डरात तसला एकही नाही. तिच्या खेळात आज्जी आहेत. माझ्या सासूबाई, तिच्या आज्जी, त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. या पोरीनं त्यांचं नाक, हनुवटी, चालताना पुढं झुकलेली मान, सगळं जमवलंय. साडी मनासारखी मिळेना, तर कुणीतरी केलेली साडी उतरवून घेतली, सिम्स फोर स्टुडिओ नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनात तिच्यावर आज्जींच्या इरकलीचा फोटो चढवला. आज्जींना शाकाहारी स्वभाव दिला, तो खेळाच्या एका विकतच्या भागात मिळतो. मांस खाल्लं तर त्या माणसाला बरं वाटेनासं होतं. रात्रिभोजनाचा मॉड तिला कुठं सापडला नाही, म्हणून खेळातला दिवस मावळायच्या आत ती स्वतः आज्जींना ताटावर नेऊन बसवते. वय वाढणं थांबवायची सोय खेळातच आहे, ती केलेली आहे. शिवाय आगीनं, अपघातानं मरण येऊ नये म्हणून तिनं एक मॉड बसवलाय. माणूस मरत नाही, एवढंच त्याचं काम.

आता याला काय म्हणायचं? सासूबाईंनी शेवटी आहार कमी करत आणला. महाराजांकडून व्रत घेतलं. आधी अन्न, मग दूध, मग ताक सुटलं, नुसतं पाणी राहिलं, आणि णमोकार ऐकत त्या गेल्या. घरातल्या एकेकाला जवळ बोलावून क्षमा मागितली, क्षमा दिली, 'माझ्यात गुंतू नका' म्हणाल्या. ज्या बाईनं स्वतः ताट सोडलं तिला ही पोर रोज ताटावर बसवते. प्रेमानंच बसवते. द्वेषानं बांधतो तेवढाच जीव रागानं बांधतो, आणि राग म्हणजे चिडणं नव्हे, आसक्ती, हे मी कितीदा मंडळात वाचून दाखवलंय. त्या हिशेबानं सुऱ्याचा मॉड आणि न मरण्याचा मॉड एकाच फोल्डरातले. दोन्हींत दुसऱ्या जीवानं काय करावं ते मी ठरवणार, हाच हट्ट आहे. पण सुऱ्याच्या मॉडला मी बिनदिक्कत पाप म्हणाले, इथं माझी जीभ वळत नाही. शास्त्र कमी पडतं असं नाही. नेमिनाथांच्या लग्नात जनावरं त्यांनी बांधली नव्हती, बांधायला सांगितलीही नव्हती. नुसती त्यांच्यासाठी बांधली होती, तेवढ्यानं ते वरातीतून मागं फिरले आणि गिरनारला गेले. केलेलं, करवलेलं, अनुमोदलेलं, तिन्हींचं वजन आपल्याकडे सारखं धरतात. मी त्या पोरीशेजारी बसून आज्जी जेवताना बघते आणि मला बरं वाटतं. हे अनुमोदनच नाही का?

मी तिला एकदा विचारलं, "आज्जींना जाऊ द्यावं असं नाही वाटत तुला?"

"खऱ्या आज्जी गेल्याच की, काकू. मी कुठं अडवलं त्यांना?"

हे उत्तर खोटं नाही. त्या जीवाला या दिव्यांनी काहीच होत नाही, तो त्याच्या कर्मानं त्याच्या वाटेला लागला. बांधलं जात असेल तर ते खुर्चीवर बसलेल्या सोळा वर्षांच्या जीवाला. आणि तिचं वय असं आहे की हे तिला कळायचं तर तिनंच ते सोडायला हवं. दुसऱ्यानं फोल्डर रिकामा करून दिला तर तो त्याग होत नाही, चोरी होते. तिच्या वडिलांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात लॅपटॉप महिनाभर काढून घ्या. आमचा यावर वाद चालू आहे.

गेल्या आठवड्यात खेळाची सुधारणा आली. नेहमीप्रमाणे दोन्ही खुणा पुसल्या गेल्या, मॉड बंद पडले. आज्जी अंगणात उभ्या होत्या, इरकल नाही, खेळातलाच कुठला तरी निळा झगा अंगावर, न मरण्याचा मॉडही बंद. पुतणीनं बघितलं आणि खेळ तसाच मिटला. एरवी ती तासाभरात सगळं जागेवर आणते. आज सहावा दिवस आहे. काल मी भाजी निवडता निवडता विचारलं, "खूण केलीस का गं?" ती म्हणाली, "बघते, काकू," आणि माझ्या हातातली मेथीची अर्धी जुडी ओढून घेतली.