परतीचं तिकीट खिशात असताना

परदेशात गाडी चालवायची म्हटलं की आपल्याकडे पहिली खेप आरटीओत. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजेच सगळे ज्याला ‘आयडीपी’ म्हणतात तो. चालू लायसन्स दाखवायचं, पासपोर्ट दाखवायचा, एक हजार रुपये भरायचे, की वर्षभराच्या मुदतीची पुस्तिका हातात पडते. तिचं कव्हर करडं आणि आतली पानं पांढरी असावीत इथपर्यंतचा तपशील १९४९ च्या जिनिव्हा करारात ठरलेला आहे. भारत त्या करारात असल्यामुळे जपानसारखा काटेकोर देशही ती मानतो. पुस्तिका उघडली की माणूस कोण आणि तो कोणती वाहनं चालवू शकतो, हे कळतं. मात्र जिथे तो निघालाय तिथे गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने धावतात हे त्याला ठाऊक आहे का, एवढंच कुणी विचारत नाही.

२७ ऑगस्ट २०१९ च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशर परगण्यात १९ वर्षांचा हॅरी डन मोटरसायकलवरून चालला होता. जवळच क्रॉटनचा हवाई तळ आहे. नाव ब्रिटिश हवाई दलाचं, कारभार अमेरिकनांचा. तळाच्या फाटकातून अ‍ॅन सकुलस या अमेरिकन बाई व्होल्वो घेऊन बाहेर पडल्या. गाडीत मुलं होती. इंग्लंडात येऊन त्यांना काही आठवडेच झाले होते. जन्मभराच्या सवयीने गाडी उजवीकडे वळली आणि उजवीकडूनच चालत राहिली. हॅरी समोरून येत होता, स्वतःच्या योग्य बाजूने. त्या धडकेत तो गेला.

इथपर्यंतची चूक कुणाच्याही हातून होऊ शकते, हे मान्य करायला हवं. बाई जागेवरून पळाल्याही नव्हत्या. आपण चुकीच्या बाजूला होतो, हे त्यांनी पोलिसांना सांगितलं. पण सप्टेंबरच्या मध्यावर त्या विमानात बसून अमेरिकेला गेल्या आणि प्रकरणाचा रंग पालटला. पती तळावर नोकरीला, म्हणून कुटुंबाला राजनैतिक संरक्षण. त्यातही एक अजब फट होती. १९९५ च्या समझोत्यानुसार तळावरच्या कर्मचाऱ्याने ड्युटीबाहेर गुन्हा केला तर त्याला हे संरक्षण नव्हतं, त्याच्या बायकामुलांना मात्र होतं. म्हणजे त्या संध्याकाळी पती गाडी चालवत असते, तर त्यांच्यावर इंग्लंडात खटला भरता आला असता.

त्या ऑक्टोबरमध्ये हॅरीचे आईवडील अमेरिकेत गेले. व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांनी त्यांना अचानक सांगितलं, की बाई शेजारच्याच खोलीत आहेत, भेटता का? त्यांनी नकार दिला. त्यांना भेट नको होती, इंग्लंडच्या कोर्टात सुनावणी हवी होती. जानेवारी २०२० मध्ये प्रत्यार्पणाची मागणी अमेरिकेने फेटाळली. अखेर २०२२ मध्ये लंडनच्या कोर्टात बाईंनी निष्काळजीपणाने गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा कबूल केला, पण व्हिडिओवरून. आठ महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. निकाल ऐकायला सुद्धा त्या इंग्लंडात आल्या नाहीत.

सगळा दोष या एका बाईच्या माथी मारून मोकळं होणं सोयीचं आहे, पण पुरेसं नाही. जुलै २०२० मध्ये दोन्ही सरकारांनी समझोत्यातली ती फट बुजवली. २०२४ मध्ये मृत्यूची न्यायिक चौकशी झाली, तेव्हा कुटुंबांना इंग्लंडच्या रस्त्यांचं प्रशिक्षण न दिल्याबद्दल अमेरिकन सरकारवर ताशेरे ओढले गेले. म्हणजे डावी बाजू शिकवणं हे कुणाचंच काम नव्हतं. असलंच तर ते ज्याच्या-त्याच्या सद्बुद्धीवर सोडलेलं होतं.

खरं तर डाव्या-उजव्यात स्वतःची अशी नीती काहीच नाही. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू धरली, तरी त्यांच्याच ताब्यातला गोवा डावीकडूनच चालत राहिला. सीमेपलीकडे ब्रिटिशांचा मुलूख होता आणि तिथे डावी बाजू होती, एवढं साधं कारण. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी डावी सोडून उजवी धरली, ओकिनावाने ३० जुलै १९७८ रोजी उजवी सोडून डावी. बाजू कुठलीही चालते, ती तिथल्या सगळ्यांनी मिळून पाळली म्हणजे झालं. समोरून येणारा अनोळखी माणूस त्याच भरवशावर वेग धरून असतो. पाहुण्याचं लक्ष क्षणभर हटलं की तुटतो तो हा भरवसा.

जर्मनीत नोकरीला गेलेली पुण्याची मंडळी तिथल्या लायसन्सच्या नावाने बोटं मोडतात. तिथे राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने. त्याआधी डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग. पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला पुतळ्याच्या छातीवर दाब द्यायला बसवतात, तेव्हा त्याची चिडचिड समजण्यासारखी आहे. पण त्या वर्गामागे कायदा उभा आहे. अपघातात सापडलेल्याला शक्य असून मदत न करणं हा जर्मनीत गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गाडीत प्रथमोपचाराची पेटी नसेल तर दंड होतो. ‘तू इथे राहणार, म्हणजे रस्त्यावर पडलेला माणूसही तुझाच,’ असा हा हिशेब.

गंमत अशी, की दहा दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाला यातलं काहीच नाही. विमानतळावर उतरला, किल्ली घेतली, निघाला. जो राहणार आहे त्याला शंभर प्रश्न, आणि जो निघून जाणार आहे त्याच्यावर डोळे झाकून विश्वास. पर्यटनाच्या सोयीसाठी हे चालवून घेतलं जातं हे उघड आहे.

निघून जाणाऱ्याचं काय करायचं, याचा विचार युरोपने महायुद्धानंतर लगेच सुरू केला होता. १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ‘ग्रीन कार्ड’ विम्याची कल्पना मांडली गेली आणि १९५३ पासून ती अमलात आली. फ्रेंच गाडीने बेल्जियममध्ये कुणाला ठोकरलं, तर जखमीने फ्रान्सला खेटे घालायचे नाहीत. त्याच्याच देशातली विमा संस्था त्याचा दावा हाताळते आणि नंतर फ्रेंच बाजूकडून वसूल करते. ड्रायव्हर घरी गेला तरी भरपाई अडत नाही. गाडीची अशी सोय करता आली, माणसाची अजून तेवढी जमलेली नाही.

‘आपण काय, निघूनच जाणार’ ही वृत्ती आपल्याकडे परदेशापर्यंत जायच्या आधीच, गोव्याला जाताना दिसते. भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. तरी पांढऱ्या पाटीची खाजगी स्कूटर शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून घेतली जाते, आणि अपघात झाला की विम्याचा घोळ त्या गावातल्या जखमीच्या पदरात पडतो. पर्यटक तोवर कणकवलीच्या पुढे गेलेला असतो.

इटलीचा प्रश्न त्यामानाने बारीक, पण घराघरांत चर्चिला जाणारा. फ्लॉरेन्स, रोम अशा शहरांत जुन्या वस्तीत बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी मनाई असते. प्रवेशावर कॅमेरे लावलेले असतात. गल्लीत वळलेल्या पाहुण्याला काही कळतही नाही. पुढे कधीतरी भाड्याच्या गाडीवाल्यांनी कार्डावरून ‘प्रशासकीय शुल्क’ कापल्याचा मेसेज येतो. ते फक्त पोलिसांना नाव-पत्ता कळवल्याचे पैसे. खरा दंड वेगळा येतो, आणि परदेशातल्या माणसाला तो कळवायला तिथल्या कायद्याने ३६० दिवस दिलेले आहेत. तोवर फोटो पाहून झालेले असतात, सहल विस्मरणात गेलेली असते. कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला ठरलेला: भरू नकोस, इटलीचे पोलीस काही कोथरूडला येत नाहीत.

येत नाहीत हे खरंच. ज्या गल्लीसाठी तो नियम आहे तिथली माणसंही येणार नाहीत. पाच दिवसांत भरला तर त्या दंडावर तीस टक्के सूट असते, आणि नोटिशीवर अनेकदा इंग्रजीत वेबसाइटचा पत्ताही दिलेला असतो.