मौनाची संमती आणि मौनाचे उत्तरदायित्व

सभेत एखादा ठराव मांडला गेला आणि त्याला कोणीही हरकत घेतली नाही, तर तो सर्वांचा ठराव ठरतो काय, आणि ठरत असल्यास त्याच्या परिणामांचा वाटा गप्प बसलेल्यांकडेही जातो काय, हा प्रश्न धर्मशास्त्राला आणि नीतिशास्त्राला फार जुना आहे. आजच्या काळात तो सातत्याने उपस्थित होतो तो युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणात. संघाच्या 27 सदस्य देशांचे परराष्ट्रमंत्री साधारणतः महिन्यातून एकदा परराष्ट्र व्यवहार परिषदेत एकत्र बसतात; परंतु बैठकीनंतर जे ठरले म्हणून जाहीर होते, त्याचा बराचसा भाग मंत्री येण्यापूर्वीच त्यांच्या मुत्सद्द्यांनी शब्दाशब्दाने जुळवून ठेवलेला असतो, आणि या जुळणीत बोलण्याइतकेच न बोलण्यालाही अधिकृत स्थान आहे.

या व्यवस्थेची सुरुवात 1970 मध्ये झाली. बेल्जियमचे मुत्सद्दी एतिएन दाव्हिन्यों यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहवालानुसार तेव्हाच्या सहा देशांनी परराष्ट्र धोरणाविषयी परस्परांशी नियमित सल्लामसलत करण्याचे मान्य केले; हे बंधन कराराचे नव्हते, दिलेल्या शब्दाचे होते. पुढे 1973 मध्ये प्रत्येक परराष्ट्र मंत्रालयात ‘युरोपीय प्रतिनिधी’ म्हणजे या समन्वयासाठीच नेमलेला अधिकारी आला आणि सर्व राजधान्यांना जोडणारे ‘कोरेऊ’ हे गोपनीय संदेशजाळे उभे राहिले. आज मसुदा प्रथम त्या त्या प्रदेशाच्या किंवा विषयाच्या कार्यगटात घडतो, तेथून ब्रुसेल्समधील राजदूतांच्या राजकीय आणि सुरक्षा समितीकडे जातो आणि त्यानंतर स्थायी प्रतिनिधींच्या समितीकडे. येथे ज्यावर पूर्ण एकमत झाले तो विषय मंत्र्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत चर्चेविना संमत करण्याच्या यादीत पडतो. निवेदने आणि तातडीचे मसुदे यांसाठी ‘मौन प्रक्रिया’ वापरली जाते: मसुदा सर्व देशांकडे पाठवून मुदत कळवली जाते, आणि त्या मुदतीत कोणी आक्षेप नोंदवला नाही तर मसुदा संमत झाला असे समजले जाते. आक्षेप घेण्याला मुत्सद्दी ‘मौन मोडणे’ म्हणतात, आणि ते हलक्या मनाने केले जात नाही.

या प्रक्रियेकडे केवळ कारभाराची सोय म्हणून पाहणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. जे वाक्य एखाद्या देशाने स्वतः लिहिले नसते, पण ज्याला अडवण्याइतका त्याचा विरोधही नाही, ते वाक्य त्या देशाला स्तुती न करता पुढे जाऊ देता येते, आणि आपल्या मताचा आग्रह कोठे सोडायचा हे ओळखण्याचा संयम त्यामागे असतो. अनेक दशकांच्या सवयीमुळे या देशांचे अधिकारी स्वतःची भूमिका पक्की करण्यापूर्वीच इतरांना काय वाटेल याचा विचार करू लागले. ज्या खंडाने एका शतकात दोन महायुद्धे पाहिली, त्याच्या दृष्टीने हा नैतिक लाभ लहान नाही.

तरीही मौनाचा अर्थ लावण्याचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. पोप आठवे बोनिफेस यांनी 1298 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चर्चच्या कायदेसंग्रहात, जो गप्प राहतो तो संमत आहे असे दिसते, या आशयाचा नियम आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या धर्मसत्तेला मान्यता देणारी शपथ घेण्यास नकार देऊन त्याचे कारण न सांगणाऱ्या टॉमस मोर यांनी 1535 च्या खटल्यात याच तत्त्वाचा आधार घेतला. परंतु त्यांचे मौन हा नकार होता हे दरबारात प्रत्येकाला ठाऊक होते, आणि त्यासाठीच त्यांचा शिरच्छेद झाला. इस्लामी धर्मशास्त्रात ‘इज्मा’ म्हणजे विद्वानांचे एकमत हा कायद्याचा एक आधार मानला जातो. एका विद्वानाने मत मांडले आणि इतर गप्प राहिले तर ते एकमत धरावे, असे हनफी परंपरेतील अनेकांनी म्हटले, तर जो बोलला नाही त्याच्या नावावर मत चढवता येत नाही, ही इमाम शाफिई यांची भूमिका सांगितली जाते. मौनाची कारणे भीती, आदर, अज्ञान, विचार अपुरा असणे अशी अनेक असू शकतात, हा शाफिईंच्या बाजूचा युक्तिवाद आजही बिनतोड आहे.

भारतीय परंपरेने प्रश्नाची दुसरी बाजू अधिक कठोरपणे पाहिली आहे. महाभारतातील द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नावर भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळला, बहुतेक सभासद गप्प राहिले आणि विकर्ण बोलला. त्या वेळी विदुराने सभेला बजावले की धर्म जाणत असूनही जो सभेत उत्तर देत नाही, त्याला असत्याच्या फळाचा अर्धा वाटा मिळतो. मनुस्मृतीतही सभेत जाऊन न बोलणारा आणि विपरीत बोलणारा असे दोघेही पापाचे धनी मानले आहेत. येथे विचार गप्प राहणाऱ्याचे मत काय होते याचा नाही, त्याच्या कर्तव्याचा आहे: मौनातून संमती सिद्ध होवो वा न होवो, उत्तरदायित्व मात्र निश्चितपणे उत्पन्न होते.

ही कसोटी डिसेंबर 1991 च्या घटनांना लावून पाहावी. युगोस्लाव्हिया फुटत असताना 16 डिसेंबरला ब्रुसेल्समध्ये तेव्हाच्या बारा सदस्य देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी नव्या राज्यांना मान्यता देण्याचे निकष ठरवले आणि फ्रेंच न्यायविद रोबेर बादँतेर यांच्या अध्यक्षतेखालील लवाद आयोगाकडे अर्ज तपासण्याचे काम सोपवले. शांतता परिषदेचे अध्यक्ष लॉर्ड कॅरिंग्टन यांनी घाईच्या मान्यतेविरुद्ध आधीच इशारा दिला होता आणि ब्रिटनसह अनेक देशांना ती शंका रास्त वाटत होती. परंतु जर्मनी मान्यता देण्याच्या निश्चयावर ठाम होता, आणि संघटनेत उघड फूट पडू नये या हेतूने इतरांनी आपला विरोध मागे घेतला. आयोगाने निकष पूर्ण झाल्याचा निर्वाळा स्लोव्हेनिया आणि मॅसेडोनिया यांना दिला, क्रोएशियाबाबत अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी उणीव दाखवली. प्रत्यक्षात 15 जानेवारी 1992 रोजी मान्यता मिळाली ती स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाला, तर मॅसेडोनिया ग्रीसच्या विरोधामुळे बाहेर राहिला. पुढच्या युद्धांचा सगळा दोष या निर्णयावर टाकणे चुकीचे होईल. मात्र ज्यांना तो चुकीचा वाटत होता त्यांनीही एकीसाठी त्यावर आपले नाव येऊ दिले, म्हणून विदुराच्या हिशेबातील अर्धा वाटा त्यांना नाकारता येत नाही.

याच्या उलट उदाहरण 2008 चे आहे. कोसोवोने 17 फेब्रुवारीला स्वातंत्र्य घोषित केले तेव्हा संघात एकमत नव्हते आणि ते असल्याचा देखावाही करण्यात आला नाही. दुसऱ्या दिवशीच्या निष्कर्षांत प्रत्येक देश आपल्या प्रथेनुसार आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार निर्णय घेईल एवढेच नमूद झाले. स्पेन, ग्रीस, सायप्रस, रुमानिया आणि स्लोव्हाकिया यांनी आजतागायत कोसोवोला मान्यता दिलेली नाही. तेथे कायद्याच्या राज्यासाठी पाठवायच्या मोहिमेच्या निर्णयावेळी सायप्रसने ‘विधायक तटस्थता’ या तरतुदीचा वापर केला. या तरतुदीनुसार एखादा देश औपचारिक निवेदन करून मतापासून दूर राहू शकतो; निर्णय अंमलात आणण्याचे बंधन त्याच्यावर राहत नाही, पण तो निर्णय संघाला बांधतो हे त्याला मान्य करावे लागते. मतदान न करता निर्णय घेणाऱ्या क्वेकर पंथीयांच्या सभेतही, असहमती नोंदवून बाजूला होणे आणि सभेला मात्र न अडवणे, ही वाट फार पूर्वीपासून आहे. सदसद्विवेकाच्या दृष्टीने ही वाट मौनापेक्षा श्रेष्ठ आहे, कारण तिच्यात सहकार्यही टिकते आणि कोण कोठे उभा होता हेही लपत नाही.

मौनाला संमती मानायचे तर गप्प राहणाऱ्याला विषय कळलेला असावा, विचाराला पुरेसा अवधी मिळालेला असावा आणि बोलण्याची किंमत त्याला झेपण्यासारखी असावी. सण-उत्सवांच्या शुभेच्छा किंवा निवडणुकीच्या स्वागताची निवेदने मौनाने खुशाल संमत व्हावीत. पण एखाद्या राज्याला मान्यता, निर्बंध आणि शस्त्रपुरवठा, म्हणजे ज्यांत दूरच्या माणसांचे जगणे-मरणे गुंतलेले असते असे निर्णय, देशाने बोलूनच घ्यावेत आणि आपल्या नागरिकांसमोर बोलावे. हे अशक्य नाही. डेन्मार्कच्या मंत्र्याला परिषदेला जाण्यापूर्वी संसदेच्या युरोपविषयक समितीसमोर उभे राहून आपण तेथे कोणती भूमिका घेणार आहोत ते सांगावे लागते.