दक्षिणा, देणगी आणि डेक्कन कॉलेजची इमारत

दात्याने आपले स्वत्व सोडायचे आणि घेणाऱ्याचे स्वत्व निर्माण करायचे, ही धर्मशास्त्राची दानाची व्याख्या. विहीर, तळे, धर्मशाळा यांना ती नेमकी बसत नाही, कारण तिथे घेणारा कोणी एक नसतो. अशा त्यागाला शास्त्रकार ‘उत्सर्ग’ म्हणतात. वस्तू सर्वांसाठी सोडलेली असते, आणि सोडणाराही त्या सर्वांपैकी एक म्हणून तळ्याचे पाणी पिऊ शकतो. मग अशी वस्तू ज्याच्या ताब्यात राहते, तो तिचा मालक होतो की नुसता राखणदार? पुण्यात येरवड्याजवळ उभ्या असलेल्या डेक्कन कॉलेजच्या इतिहासात हा प्रश्न दोनदा उभा राहिला.

कॉलेजचे मूळ श्रावणमासात ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेत आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी पुढे चालवली आणि पर्वतीच्या रमण्यात लांबलांबचे ब्राह्मण जमू लागले. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर हा खर्च इंग्रज प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यापुढे आला. तो बंद करावा तर लोक बिथरणार, चालू ठेवावा तर ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी ब्राह्मणभोजनाचे पुण्य पदरी घ्यायचे! तोड अशी निघाली की, या निधीचा काही भाग विद्येकडे वळवावा. 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झाले. शिकवणारे शास्त्री, विषय शास्त्रांचे. म्हणजे दानाचे पात्र फारसे बदलले नव्हते.

ते बदलावे, ही मागणी पुण्यातल्याच सुधारकांनी केली. दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांसाठी वापरावा, असा त्यांचा 1849 चा अर्ज होता. सनातनी खवळले, आणि त्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी होती : देश, काल आणि पात्र हे दानाचे अंग असते, पात्र बदलले की दान तेच उरत नाही. सुधारकांचे उत्तर अधिक टिकाऊ ठरले. दक्षिणा मुळात विद्येसाठी होती, जातीसाठी नव्हे; तेव्हा विद्या जिथे गेली तिथे दक्षिणेने जावे. 1851 मध्ये इंग्रजी शाळा व हिंदू कॉलेजची पाठशाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले. त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज.

वाडा सोडून नवी इमारत बांधायचे ठरले तेव्हा पैशाचा मोठा वाटा पारशी दानशूर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून आला. 15 ऑक्टोबर 1864 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी कोनशिला बसवली, आणि 23 मार्च 1868 रोजी इमारत खुली झाली. खर्च सुमारे अडीच लाख रुपये. करड्या दगडातली ही दुमजली वास्तू चौकाच्या तीन बाजूंनी बांधलेली आहे. भोवती कमानींच्या पडव्या, वर उतरती छपरे आणि वायव्य कोपऱ्यात शंभर फुटांहून उंच मनोरा. आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा.

शैली गॉथिक, म्हणजे युरोपातल्या चर्चची. 1858 च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने धार्मिक तटस्थतेची हमी दिली होती. तिच्याच सरकारचे कॉलेज मात्र चर्चच्या वळणाचे. पण टोकदार कमानीत धर्म असतोच असे नाही. याच विल्किन्स यांनी त्याच दशकात पुण्याच्या लष्कर भागात डेव्हिड ससून यांच्यासाठी ज्यूंचे प्रार्थनामंदिर बांधले, तेही मनोऱ्यासह गॉथिक. पुणेकरांनी त्याच्या लाल विटा पाहिल्या आणि नाव ठेवले ‘लाल देऊळ’. आकार ख्रिस्ती, प्रार्थना हिब्रू आणि नाव मराठी! डेक्कन कॉलेजच्या मनोऱ्याखाली तर टिळक आणि देवधर्माची चिकित्सा करणारे आगरकर दोघेही शिकले.

मालक की राखणदार, हा प्रश्न दुसऱ्यांदा उठला 1934 मध्ये. काटकसरीच्या नावाखाली सरकारने कॉलेज बंद केले. इमारत सरकारी, तेव्हा निर्णयही सरकारचा, हे सरकारचे म्हणणे. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. देणगी शिक्षणासाठी घेतलेली असल्याने सरकार तिचे मालक नसून विश्वस्त आहे, असा त्यांचा मुद्दा. शास्त्रातल्या उत्सर्गाच्याच जवळचा. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्याबाबत असा घोळ झाला नाही. त्यांनी मृत्युपत्रातच संपत्ती विज्ञानशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली, आणि 1942 मध्ये त्यातून त्यांच्या नावाची तंत्रशास्त्र संस्था निघाली. देणगीदाराचा हेतू कागदावर किती स्पष्ट आहे, यावर बरेच अवलंबून असते.

माजी विद्यार्थ्यांच्या लढ्यानंतर डेक्कन कॉलेज 17 ऑगस्ट 1939 रोजी पुन्हा उघडले, ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व हे तिचे मुख्य विषय झाले. 1948 मध्ये तिथे ऐतिहासिक तत्त्वांवर आधारित संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले, आणि विश्रामबागवाड्यातल्या शास्त्र्यांची भाषा वेगळ्या वाटेने परतली. तीसहून अधिक खंड छापून झाले तरी कोश अजून ‘अ’मध्येच आहे. ‘उत्सर्ग’ आणि ‘दान’ यांच्या नोंदींना अवकाश आहे.