व्यवस्था, पसारा आणि उत्तरदायित्व

व्यवस्थितपणा हा सद्गुण आणि पसारा हा दोष, ही रूढ धारणा तपासून पाहण्याजोगी आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो १७५० ते १७६१ या कालखंडाचा. शिवकालीन पत्रे मागाहूनच्या खंडांत आली. २२ खंडांची ही माला कालानुक्रम पाळत नाही. संपूर्ण अनुक्रम लागेपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर वाळवी आणि अनास्था मात्र थांबल्या नसत्या. तथापि छापलेल्या पत्रांना लेखांक आहेत. त्यामुळे अनुक्रम पुढच्या अभ्यासकांवर सोपवला गेला तरी पुरावा त्यांच्या हाती पडताळता येईल असा पडला. कितपत व्यवस्थित असावे, याचा निकष येथे मिळतो. अव्यवस्थेची किंमत कोण चुकवतो, हा खरा नैतिक प्रश्न होय. स्वतःच्या मेजावरील पसारा ज्याचा त्याने सोसावा. दुसऱ्याची वाट अडवणारा पसारा हा अन्याय ठरतो. परंतु परिपूर्ण मांडणीच्या नावाखाली साधने अडवून धरणारी टापटीपही त्याच अन्यायाची भागीदार असते.