किमतीचा आदि आणि अंत

वस्तूची किंमत हे त्या वस्तूविषयीचे सत्य असते, की ती माणसांनी आपसांत मान्य केलेली एक समजूत असते, हा प्रश्न तत्त्वचिंतनात जुनाच आहे. मात्र ऑनलाइन बाजारपेठांनी तो आज घरोघरी आणून ठेवला आहे. दुकानात भाव विचारणारे गिऱ्हाईक वस्तू हाताळून पाहते, विक्रेत्याचा चेहरा वाचते आणि घासाघीस करते, त्यामुळे किमतीची परीक्षा तेथल्या तेथे होते. पडद्यावर छायाचित्र आणि आकडा एवढेच उरते आणि आकड्याला आवर घालणारे कोणी समोर नसते. मे 2022 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या भारतीय संकेतस्थळावर एक साधी प्लॅस्टिकची बादली 25,999 रुपयांना, तीही सवलतीच्या दरात म्हणून, विक्रीस ठेवलेली आढळली. त्याआधी 2011 मध्ये पीटर लॉरेन्स या शास्त्रज्ञाच्या ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ या ग्रंथाची किंमत अ‍ॅमेझॉनवर 2 कोटी 36 लाख डॉलरांच्या पुढे गेली होती. तिचे कारण असे, की दोन विक्रेत्यांच्या संगणकीय आज्ञावली एकमेकींचा भाव पाहून स्वतःचा भाव ठरवत होत्या. एक दुसरीपेक्षा किंचित कमी भाव ठेवी, तर दुसरी पहिलीच्या सव्वापटीहून थोडा अधिक भाव लावी, आणि कोणाही माणसाची इच्छा किंवा गरज मध्ये नसताना आकडा दिवसेंदिवस फुगत गेला. किंमत ही माणसाच्या हेतूपासून संपूर्णपणे सुटू शकते, हे या घटनेने सिद्ध केले.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला आहे तो मर्यादित अर्थाने. 1 जानेवारी 2018 पासून आवेष्टित मालाची कमाल किरकोळ किंमत, म्हणजे ज्याच्यावर एक पैसाही अधिक घेता येत नाही असा छापील भाव, ऑनलाइन विक्रीतही दाखवणे बंधनकारक झाले. परंतु ही किंमत उत्पादक स्वतःच ठरवतो आणि काही औषधांसारखे अपवाद वगळता तिला वरची मर्यादा नाही. किंमत उघड असावी एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. ती न्याय्य आहे काय, हे विचारण्याचे काम त्याने धर्मविचारावर सोडले आहे.

हे काम पूर्वी राजा आणि आचार्य दोघेही करीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ठरवून दिलेल्या खरेदी-किमतीवर देशी मालासाठी शेकडा 5 आणि परदेशी मालासाठी शेकडा 10 एवढाच नफा व्यापाऱ्याला घेऊ द्यावा असे सांगितले आहे, तर युरोपात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने वस्तू तिच्या योग्य किमतीहून महाग विकणे हे पाप आहे काय, या प्रश्नाची स्वतंत्र मीमांसा केली. त्याहून मूलगामी भेद अ‍ॅरिस्टॉटलने केला आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते पायातल्या जोड्याचे: जोडा पायात घालता येतो आणि तो देऊन बदल्यात दुसरे काही घेताही येते, पण पहिला उपयोग जोड्याच्या स्वभावातला आहे, दुसरा नाही, कारण जोडा मुळात देवघेवीसाठी घडवलेला नसतो.

अ‍ॅरिस्टॉटलचे हे उदाहरण महाराष्ट्रात अलीकडे अक्षरशः प्रत्यक्षात आले. जून 2025 मध्ये मिलान येथील प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी हुबेहूब पादत्राणे मांडली गेली आणि त्या वेळी कोल्हापूरचा उल्लेखही झाला नाही. लाखाच्या घरातल्या किमतीच्या बातम्या पसरल्या, कारागिरांमध्ये संताप उसळला, आणि महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या पत्राला उत्तर देताना कंपनीने या रचनेमागची प्रेरणा भारतीय परंपरेची असल्याचे मान्य केले. डिसेंबर 2025 मध्ये कंपनीने महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाशी आणि कर्नाटकातील समकक्ष महामंडळाशी करार केला. 2,000 जोड सुमारे 800 युरो, म्हणजे 80 हजार रुपयांच्या वर, या भावाने दुकानांतून आणि ऑनलाइन विकण्याची आणि कारागिरांना प्रशिक्षण देण्याची योजना त्यातून जाहीर झाली. कोल्हापूरच्या बाजारात साधा जोड काही शे रुपयांपासून मिळतो आणि नक्षीदार जोडालाही फार तर काही हजार पडतात.

या दोन किमतींमधले अंतर समजून घ्यायचे तर चपलेच्या घडणीकडे पाहावे लागते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे दिवसेंदिवस मुरवून कमावले जाते. रापीने तळ, पट्टा, अंगठा आणि दोन बाजूंचे कान कापले जातात, आरीने भोके पाडून खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने शिवण घातली जाते, आणि पट्ट्यावरची बारीक वेणी पुष्कळदा घरातल्या स्त्रिया विणतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या 8 जिल्ह्यांच्या या कारागिरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे एखादे नाव त्या प्रदेशातल्या उत्पादनालाच वापरता येईल असे कायदेशीर संरक्षण. शेकड्यांतला जोड असो वा 80 हजारांचा, कातडे, वादी आणि हात यांत शंभरपटीचा फरक कोठेही नाही.

मग तो फरक राहतो कोठे? शंकराचार्यांचे परमगुरू मानले गेलेले गौडपाद यांनी मांडूक्यकारिकेच्या वैतथ्य प्रकरणात, म्हणजे दिसणाऱ्या वस्तूंचे मिथ्यात्व तपासणाऱ्या भागात, एक कसोटी दिली आहे: जे आरंभी नसते आणि शेवटी उरत नाही, ते मधल्या काळात दिसत असले तरी खऱ्या अर्थाने नसतेच. ही कसोटी जगाच्या सत्यत्वासाठी आहे, बाजारासाठी नाही; तरीही ती किमतीला लावून पाहण्यासारखी आहे.

आरंभी काय असते, ते संतपरंपरेने पाहिले होते. चर्मोद्योग महामंडळाला ज्यांचे नाव आहे त्या काशीच्या संत रोहिदासांची आख्यायिका सांगते, की त्यांनी गंगेला अर्पण केलेल्या क्षुल्लक नाण्याच्या बदल्यात गंगेने सोन्याचे कंकण दिले, ते राजवाड्यात पोहोचले, तेथे त्याच्या जोडीचे दुसरे कंकण हवे झाले, आणि जे कोणत्याही सोनाराला घडवता येईना ते रोहिदासांनी कातडे भिजवण्याच्या काथवटीतून काढून दिले. पंढरपूरच्या नामदेवांविषयीची कथाही याच वळणाची आहे: त्यांनी परिसा भागवतांचा परीस चंद्रभागेत टाकला आणि मालकाने तो परत मागितल्यावर ओंजळभर खडे काढून दाखवले, ते सगळेच परीस होते. या कथांचा रोख चमत्कारावर नाही. दुर्मिळता हीच ज्या किमतीची एकमेव आधारशिला आहे, ती दुर्मिळता दूर होताच कोसळते आणि काथवटीवर वाकलेला श्रमाचा हात तेवढा शिल्लक राहतो, असे त्या सांगतात.

शेवटी काय उरते, हे पाहण्यासाठी मुंबईकराला ग्रंथ उघडावा लागत नाही. मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधले कांजूरमार्ग पुरेसे आहे. स्थानकाच्या पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गालगत जेथे कारखाने होते तेथे निवासी मनोरे उभे राहिले आहेत आणि त्यांच्या फाटकांशी दिवसभर ऑनलाइन मागवलेली पार्सले उतरत असतात. पूर्वेला ठाणे खाडीच्या काठी महापालिकेची क्षेपणभूमी, लोकांच्या तोंडचे डम्पिंग ग्राउंड, आहे. मुलुंडची क्षेपणभूमी 2018 मध्ये बंद झाल्यानंतर शहराच्या कचऱ्याचा सर्वात मोठा वाटा, रोज हजारो टन, येथे येतो, आणि त्याच्या दुर्गंधीविरुद्ध कांजूर, भांडुप व विक्रोळीचे रहिवासी वर्षानुवर्षे दाद मागत आले आहेत. या ढिगात वस्तूची किंमत वाचता येत नाही. 25,999 रुपयांची बादली आणि फेरीवाल्याकडची बादली फुटल्यावर भंगारवाल्याच्या काट्यावर एकाच किलोच्या भावाने तोलल्या जातात. उलट बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे सावकाश का होईना मातीत मिसळते आणि प्लॅस्टिक तसेच राहते. अंतकाळी भेद उरतो तो द्रव्याचा, भावाचा नाही. आणि भार उरतो तो ज्यांनी ती वस्तू कधी विकत घेतली नाही अशा शेजाऱ्यांच्या श्वासावर.

अशा रीतीने आरंभी श्रम आहे, अंती भार आहे, आणि किंमत केवळ मध्ये आहे. गौडपादांच्या कसोटीने ती मिथ्या ठरते. येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. श्रीमंतांच्या हौसेनेच मंदिरे, पैठणी आणि मीनाकारी टिकली, आणि 80 हजारांच्या चपलेतून एखाद्या चर्मकार कुटुंबाला बरी मजुरी मिळणार असेल, तर त्या किमतीला मिथ्या म्हणून हिणवणे हा त्या कुटुंबावरच अन्याय नव्हे काय? वेदान्तात या आक्षेपाला उत्तर आहे. मिथ्या म्हणजे सशाच्या शिंगासारखे मुळीच नसलेले नव्हे. मिथ्या वस्तूला व्यावहारिक सत्ता असते, म्हणजे व्यवहार चालेल इतपत ती खरी असते, मात्र ती स्वतःच्या बळावर उभी नसून अधिष्ठानाच्या, म्हणजे आधारभूत सत्याच्या, आश्रयाने उभी असते. किमतीचे अधिष्ठान श्रम आहे. म्हणून महाग असणे हा दोष नव्हे. जी किंमत आपल्या अधिष्ठानाला विसरते, कारागिराचे नाव पुसते, त्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही आणि वस्तूचा शेवट दुसऱ्यांच्या दारात टाकते, ती सदोष आहे. ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्याच मंत्रातली त्यागपूर्वक उपभोगाची शिकवण अशा ठिकाणी संन्याशापुरती राहत नाही. उपभोगाआधी त्यातला दुसऱ्याचा भाग ओळखून तो देणे, हा तिचा गृहस्थाला लागू पडणारा अर्थ आहे.

तेव्हा पडद्यावरच्या आकड्यासमोर बसलेल्या माणसाने, तो आकडा आपल्याला परवडतो काय, एवढेच विचारून थांबू नये. ही वस्तू कोणाच्या हातून आली आणि त्या हाताला काय मिळाले, आणि ती संपल्यावर कोणाच्या अंगणात जाऊन पडेल, हे दोन प्रश्न त्याने प्रत्येक खरेदीपूर्वी स्वतःला विचारावेत. ज्या किमतीपाशी या दोन प्रश्नांची उत्तरे नाहीत, ती किंमत शंभराची असो वा लाखाची, धर्माच्या दृष्टीने अन्याय्यच आहे.