दूर्वा आणि मोदक

॥ श्री गणेशाय नमः ॥



आपल्या मंदिरात दर वर्षी चतुर्थीला एखादे तरी लहान मूल हटकून विचारते, "गणपतीबाप्पाला गवत का वाहायचं?" त्याला आपण अनलासुराची कथा सांगतो. अग्नीसारखा जाळत सुटलेला हा असुर गजाननाने गिळून टाकला. असुर संपला, पण देवाच्या पोटात आगीचा डोंब उसळला. इंद्राने शीतल चंद्र दिला, विष्णूंनी कमळ दिले, शंकरांनी नाग दिला, वरुणाने पाण्याचा अभिषेक केला. दाह काही शमेना. शेवटी अठ्ठ्याऐंशी हजार ऋषी आले आणि प्रत्येकाने एकवीस दूर्वा मस्तकावर ठेवल्या, तेव्हा कुठे देवाला शांत वाटले. ज्या हराळीवर इथे आपण लॉनमधले तण म्हणून औषध मारतो, तीच ही दूर्वा. (म्हणूनच आपल्या स्वयंसेविका परसात एक वेगळा वाफा राखतात, त्यांना नमस्कार.)

मोदक देवाला प्रिय आहेत, हे कोणाला सांगावे लागत नाही. पण पोटात आग पडली तेव्हा कोणी मोदक पुढे केला नाही, हे या कथेत लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हणून पूजेत एकवीस मोदक आणि एकवीस दूर्वा, दोन्ही असतात.

हे मी अधिकाराने सांगत नाही. उलट, चुकलेला माणूस म्हणून सांगतो आहे.

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, माझ्या रक्तात साखर निघाली. मी काही जाडजूड नव्हे. पण आपल्या लोकांचे शरीर बारीक दिसत असतानाही हा आजार आत येऊन बसतो. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ साली आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस करतो तेच केले, एकदम टोक गाठले. भात बंद, पोळी बंद, फळ बंद, प्रसादाचा पेढासुद्धा बंद. सकाळी कारल्याचा रस, दुपारी ओट्स, रात्री पुन्हा ओट्स. सात-आठ महिने हेच. त्यात धार्मिक उत्साह मिसळला आणि संकष्टीला पाणीही न घेता चंद्रोदयापर्यंत उपवास सुरू केला.

उन्हाळ्यातल्या एका संकष्टीची गोष्ट. इथे त्या दिवसांत चंद्र दर्शन देतो रात्री दहा-साडेदहाला. साखर उतरवणारी गोळी डॉक्टरांनी जेवणासोबत घ्यायला सांगितली होती. मी जेवण सोडले, गोळी मात्र नेमाने घेतली! संध्याकाळी सातच्या आरतीला टाळ हातात होते. हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला आणि "जय देव जय देव" म्हणता म्हणता मी खाली बसलो ते कळलेच नाही. कोणीतरी ओळखले, चटकन तोंडात प्रसादाचा पेढा घातला आणि वर संत्र्याचा रस पाजला. ज्या पेढ्याला मी शत्रू ठरवले होते, त्यानेच मला उठवून बसवले.

त्याच महिन्यात मी याच सभागृहात गीतेच्या सहाव्या अध्यायावर बोललो होतो. घरी आल्यावर आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, "अहो, श्लोकाची अर्धीच ओळ पाळायची असं कुठे लिहिलंय का?"

त्यांचे बरोबर होते. सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सदा जागणाऱ्यालाही नाही. आपण पहिला अर्धा भाग दुसऱ्यांना ऐकवतो आणि दुसरा विसरतो. सतराव्या श्लोकात शब्द येतो तो 'युक्त'. युक्त म्हणजे कमी नव्हे. युक्त म्हणजे जुळलेले, त्या माणसाला, त्या वेळेला, त्या कामाला शोभेल असे. आणि तो फक्त आहाराला लावलेला नाही. हिंडणेफिरणे, काम, झोप, जागरण, सगळ्याला लावला आहे. इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करणाऱ्या माउलींनी हेच उलगडून सांगताना जेवण मोजून, चालणे मोजून, बोलणेसुद्धा मोजून करायला सांगितले. वाग्भटांनी तर पोटाची वाटणीच करून दिली: दोन भाग अन्न, एक भाग पाणी आणि चौथा भाग मोकळा. महाप्रसादाच्या रांगेत दुसऱ्यांदा उभे राहताना तो चौथा भाग आठवावा, इतकेच सुचवतो.

आता आपल्या पंचांगाकडे पाहा. भाद्रपदातली तृतीया म्हणजे हरितालिका, उपवास. चतुर्थीला मोदक आणि साग्रसंगीत पान. पंचमीला ऋषिपंचमी, म्हणजे बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेले अन्न: अळू, लाल भोपळा, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, मक्याचे कणीस, सगळे एकत्र शिजवलेले, फोडणीसुद्धा नाही. तीन दिवस, तीन तऱ्हा. पुढे गौरी येतात तेव्हाही अनेक घरांत पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोबत सोळा भाज्या. भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, दुसऱ्या दिवशी तिळगूळ. पाडव्याला आधी कडुनिंब, मग श्रीखंड. कोणत्याही आहारतज्ज्ञाकडे न जाता आपल्या आज्यांनी हा हिशेब जमवून ठेवला होता.

आपण इथे काय केले? नोकरी-शाळांमुळे सण शनिवारी आणला. त्यात गैर काही नाही, मीही त्या समितीत होतो. पण सण शनिवारी आणला की त्याच्या आदला आणि नंतरचा दिवस गळून पडतो. तृतीया गेली, पंचमी गेली, उरली फक्त चतुर्थी. मग पुढच्या शनिवारी दुसऱ्या मंडळाची चतुर्थी, मग नवरात्र, कोजागिरी, आणि दिवाळी तर चार घरी चार वेळा. मोदक आपण समुद्रापार आणले, ऋषीची भाजी विमानतळावरच राहिली. ताटातही तसेच झाले आहे. मीठ-लिंबाच्या डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची बेताची मूद, अशी पानाची मांडणी असे. सहा रसांना त्यात जागा होती. आपल्या कागदी ताटात गोड, खारट, तिखट यांची गर्दी. कडू आणि तुरट कुठे गेले?

कोणी म्हणेल, इथे पडवळ, माठ कुठून आणायचे? एक गंमत सांगतो. उपवासाला आपण निर्धास्तपणे साबुदाण्याची खिचडी खातो. तो साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. ते आपल्या उपवासाला चालले, तर इथली पालेभाजी ऋषींना का चालू नये? (खिचडी मात्र डावभरच बरी. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण तिच्यामुळेच रुजली असावी, असा मला संशय आहे.)

मी स्वतः आता काय करतो, तेही सांगतो. भात खातो, एक मूद. आठवड्यात ज्वारी, बाजरी, नाचणी आलटून-पालटून. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून इथल्या दुकानांत ही पिठे शोधावी लागत नाहीत, असा आमच्या गावापुरता अनुभव आहे. जेवणानंतर सौ. आणि मी अर्धा तास चालतो. संकष्टी सोडलेली नाही. डॉक्टरांना विचारून, फळ-दूध घेऊन करतो, आणि त्या दिवशी गोळीचे काय करायचे ते तेच ठरवतात. जे कोणी अशी औषधे घेत असतील त्यांनी उपवासाआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, ही हात जोडून विनंती. साखर पूर्ण ताळ्यावर आली आहे असे नाही, पण पुन्हा आरतीत खाली बसायची वेळ आली नाही.

यंदा चतुर्थीच्या महाप्रसादात, मोदकांच्या शेजारीच, एक मोठे पातेले ठेवायचे ठरले आहे. त्यात बटरनट स्क्वॉश, स्विस चार्ड, भेंडी, शेतकरी बाजारातली मक्याची कणसे आणि मिळाली तर अळूची पाने. वाढायला मुले उभी राहणार आहेत, आणि "हे काय आहे?" असे विचारले तर ऋषिपंचमी म्हणजे काय हे सांगायचे त्यांनी पाठ केले आहे. मोदक घ्याच, आधी एक डाव ही भाजी घ्या आणि त्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

॥ मंगलमूर्ती मोरया ॥